सर्व्हिस हेडची जागा घ्यावी का? पंपाच्या धंद्यात सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी मेकॅनिकलची बी.ई., वय २९, चाकणजवळ पंप बनवणाऱ्या एका कंपनीत सहा वर्षं सर्व्हिस को-ऑर्डिनेटर. आता कंपनीने तिला पश्चिम विभागाच्या सर्व्हिस हेडची जागा देऊ केली आहे. हाताखाली अकरा फील्ड इंजिनिअर, सगळे पुरुष, त्यातले चार तिच्यापेक्षा मोठे. घरचे म्हणतात, रात्रीबेरात्री फोन, गावोगाव फिरणं, नको हे. ऑफिसातली एक मॅडम म्हणते, त्यापेक्षा क्वालिटीत जा, पाच वाजता घरी. तिचा प्रश्न असा की ही जागा घ्यावी का, आणि या वाटेने पुढे काही आहे का, की आयुष्यभर लोकांच्या तक्रारीच ऐकायच्या?

ताई म्हणून हाक मारलीस, तेव्हा एकेरीतच लिहिते. जागा घे. पण आज तुझ्यापुढे ठेवलीय तशी घेऊ नकोस. तुझ्या पत्रात पगार आहे, गाडी आहे, पदनाम आहे. अधिकार कुठले मिळणार त्याचा एक शब्दही नाही. मी याच धंद्यात १९९८ साली सर्व्हिसच्या टेबलावर बसले आणि पुढे देशभराची सर्व्हिस सांभाळली. मधली चार वर्षं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कस्टमर क्वालिटी केली. या सगळ्यात जे कळलं ते एवढंच की बाईला सर्व्हिस हेड करतात तेव्हा बऱ्याचदा तिच्या गोड बोलण्यासाठी करतात, आणि गोड बोलून बंद पडलेला पंप चालू होत नाही. तुला मशीन कळलं पाहिजे आणि कारखान्यात तुझा शब्द चालला पाहिजे. दोन्ही असलं की ही जागा सोन्यासारखी आहे. दोन्हींतलं एक नसलं तर तू शिव्या खाण्यासाठी नेमलेली बाई होशील, आणि तसं होऊ नये म्हणूनच एवढं लांबलचक लिहितेय.

आधी माझ्या सुरुवातीचं सांगते. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून भोसरीत नोकरीला लागले. काम काय, तर तक्रार रजिस्टर. फोन यायचा, फॅक्स यायचा, मी नाव-गाव-पंपाचा नंबर लिहून घ्यायची आणि इंजिनिअरच्या ट्रेमध्ये चिठ्ठी टाकायची. फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "मॅडम, सरांना फोन द्या." पहिले सहा महिने मी देत होते. मग एक दिवस सर खरोखरच जागेवर नव्हते आणि पलीकडचा माणूस कावलेला होता. मी त्याला विचारलं, पंपाचा सिरियल नंबर सांगा. मग विचारलं, सक्शनचा, म्हणजे पाणी आत येतं त्या बाजूचा, गेज किती दाखवतोय? मग विचारलं, आवाज कसा येतोय, पंपात खडी फिरल्यासारखा की नुसता घरघर? तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "थांबा, बघून सांगतो." तो बघून आला, म्हणाला, खडी फिरल्यासारखाच. म्हणजे पंपाला पाणी पुरेसं पोचत नव्हतं, आतल्या आत पाण्याचे बुडबुडे होऊन फुटत होते. आपण ज्याला कॅव्हिटेशन म्हणतो ते. मी त्याला स्ट्रेनर, म्हणजे आत येणारं पाणी गाळणारी जाळी, उघडायला सांगितलं. स्ट्रेनर गाळाने भरला होता. त्या दिवसानंतर त्या माणसाने कधी "सरांना द्या" म्हटलं नाही.

तुला हे सांगण्याचं कारण असं की तुझ्या अकरा इंजिनिअरांपुढे आणि शंभर गिऱ्हाइकांपुढे तुला पहिला आदर मिळणार तो तिसऱ्या प्रश्नाला. पहिले दोन प्रश्न कोणीही पाठ करून विचारतं. तिसरा प्रश्न मशीनपाशी उभं राहिल्याशिवाय सुचत नाही.

म्हणून पहिली अट ही घाल की नवी खुर्ची मिळण्याआधी मला तीन महिने साइटवर पाठवा. कमिशनिंगला म्हणजे नवा पंप बसवून चालू करायला, ब्रेकडाउनला, ओव्हरहॉलिंगला, सगळीकडे. इंजिनिअर म्हणून जा, साहेब म्हणून नको. तुझ्या टीममधला जो सगळ्यात जुना आणि सगळ्यात तिरसट इंजिनिअर असेल, त्याच्याबरोबर जा. तो बोलेल थोडं, पण त्याचे हात बघ. कान कुठे लावतो, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंग हाउसिंगला टेकवून मुठीला कान लावून काय ऐकतो, ते बघ. हातात व्हायब्रेशन मीटर असला तरी तो आधी ऐकतोच.

आता एक साइट जरा सविस्तर सांगते, कारण मला सर्व्हिस म्हणजे काय हे तिथे कळलं.

सांगली जिल्ह्यातला साखर कारखाना, गाळप हंगाम ऐन भरात. त्यांच्या इंजेक्शन वॉटरच्या दोन पंपांपैकी दुसऱ्या पंपाचं ड्राइव्ह एंडचं, म्हणजे मोटरच्या बाजूचं, बेअरिंग त्या हंगामात तिसऱ्यांदा गेलं होतं. ज्यांनी साखर कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. हे पाणी कंडेन्सरला जातं, वाफ थंड करतं, आणि त्यावर पॅन आणि इव्हॅपोरेटर या रस आटवायच्या भांड्यांचं व्हॅक्यूम उभं असतं, पंचवीस-सव्वीस इंचांचं. पंप अडखळला की व्हॅक्यूम पडतं. व्हॅक्यूम पडलं की रस उकळायचा मंदावतो, रसाच्या टाक्या भरतात, आणि शेवटी मिल थांबवावी लागते. मिल थांबली की बाहेर ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग वाढत जाते. तोडलेला ऊस तासातासाला वाळतो, वजन घटतं, उतारा घटतो. म्हणजे आपल्या एका बेअरिंगपायी कोणा शेतकऱ्याचं वजनकाट्यावरचं वजन कमी भरणार. हे डोक्यात असलं की सर्व्हिसचं काम वेगळंच दिसतं.

आमच्या माणसांनी दोनदा बेअरिंग बदललं होतं, दोन्ही वेळा वॉरंटीत. रिपोर्टवर लिहिलं होतं, "बेअरिंग खराब, बदलून दिले, पंप व्यवस्थित चालू." चीफ इंजिनिअर साहेबांनी फोनवर सांगितलं, तुमची बेअरिंगच डुप्लिकेट आहेत, मी पेमेंट अडवतो. आमचा पर्चेसवाला म्हणत होता, बेअरिंग नामांकित कंपनीची आहेत, पावती दाखवतो. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते आणि पंप काही टिकत नव्हता.

मी रात्रीच्या एसटीने निघाले, सकाळी पोचले. पंपाजवळ उभी राहिले तर व्हायब्रेशन ११ मिलिमीटर प्रति सेकंदाच्या वर. अशा पंपाला साडेचारच्या आत असावं. त्यांच्या फिटरला, वयाने माझ्या वडिलांएवढ्या माणसाला, विचारलं, "मामा, पंप बसवला तेव्हा तुम्ही होता का हो?" ते म्हणाले, होतो की. "पाइप जुळत नव्हता. कंत्राटदारानं चेन ब्लॉक लावून ओढला आन् बोल्ट मारले." एवढंच म्हणाले ते, पण अर्धं निदान त्यात झालं.

दुपारी पंधरा-वीस मिनिटं लोड पहिल्या पंपावर घेऊन हा पंप थांबवला. कपलिंगवर, म्हणजे मोटर आणि पंप जोडलेले असतात तिथे, डायल गेज लावला आणि मामांना सक्शन फ्लँजचे, म्हणजे पाइप पंपाला जोडणाऱ्या कड्याचे, बोल्ट एकेक करून सैल करायला सांगितले. तिसरा बोल्ट सैल होताच काटा फिरायला लागला. सगळे सुटले तेव्हा तीस रेघा सरकला होता, म्हणजे ०.३० मिलिमीटर. पाच रेघांच्या वर गेलं तरी मी सही करत नाही. फ्लँज पंपापासून बाजूला झाला तो चांगला बोटभर. म्हणजे टनभर वजनाचा तो पाइप रात्रंदिवस पंपाला एका बाजूला ओढत होता, शाफ्ट वाकडी चालत होती, आणि आम्ही दर वेळी नवं बेअरिंग बसवून त्याला पुन्हा त्याच चरकात घालत होतो.

चूक पाइपच्या कंत्राटदाराची. पण कमिशनिंगच्या रिपोर्टवर सही आमच्या इंजिनिअरची होती, आणि आमच्या तपासणीच्या कागदात "फ्लँज सैल करून बघा" ही ओळच नव्हती. मी तिथेच उभ्या उभ्या चीफ इंजिनिअर साहेबांना सांगितलं की तिन्ही बेअरिंगचे पैसे आमचे, आमच्याकडून बघायचं राहिलं. पाइपला सपोर्ट आणि नवा तुकडा तुम्ही करून घ्या, माझा माणूस ते होईपर्यंत इथे थांबेल. परत आल्यावर माझ्या साहेबांनी विचारलं, कोणाला विचारून कबूल केलंस? त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. मला तो अधिकार नव्हताच. पण तो कारखाना पुढे विस्तारीकरण करताना आमच्याकडेच आला, आणि कमिशनिंगच्या कागदात ती ओळ छापली गेली. आज माझ्यानंतर आलेली मुलंमुली तो बोल्ट सैल करून बघतात, त्यांना ही गोष्ट माहीतही नाही. त्या ओळीचं मला अजून अप्रूप वाटतं.

इथून दुसऱ्या अटीकडे येते. त्या दिवशी माझ्याकडे नव्हता तो अधिकार तू आधीच, लेखी मागून घे.

एक, ठरावीक रकमेपर्यंत फुकट पार्ट द्यायचा निर्णय तुझा एकटीचा. रक्कम किती ते तुमच्या पंपाच्या किमतीवर ठरेल, पण निदान एक पूर्ण बेअरिंग-सील संच तरी त्यात बसायला हवा. वॉरंटीचा मजकूर तुला पाठ असेल, डिस्पॅचपासून अठरा महिने किंवा कमिशनिंगपासून बारा, जे आधी संपेल ते. खरे वाद या तारखेच्या काठावर होतात. पंप गिऱ्हाइकाच्या आवारात ताडपत्रीखाली वर्षभर पडून राहतो, कमिशनिंग होतं आणि सातव्या महिन्यात सील गळतं. कागदाने वॉरंटी संपलेली, पंप मात्र नवाकोरा. अशा वेळी फायनान्सची परवानगी यायला तीन आठवडे लागले तर गिऱ्हाईक गेलंच म्हणून समज.

दोन, सर्व्हिसच्या स्पेअरचा रॅक वेगळा, कुलूप वेगळं, किल्ली तुझ्या माणसाकडे. तू डेस्कवर होतीस, तुला माहीत आहे महिनाअखेरीला काय होतं. डिस्पॅचचं टार्गेट पुरं करायला असेंब्लीवाले सर्व्हिससाठी ठेवलेली शाफ्ट उचलतात, नव्या पंपात घालतात, "पुढच्या आठवड्यात भरून देतो" म्हणतात. पुढच्या आठवड्यात कोणाचा तरी पंप पडतो आणि तू फोनवर खोटं बोलतेस की पार्ट ट्रान्सपोर्टमध्ये आहे. मी असं खोटं बोलले आहे. तो माणूस हरियाणातून रोज सकाळी नऊला फोन करायचा. अकराव्या दिवशी त्याने फोन करायचा बंद केला, आणि मला सगळ्यात वाईट वाटलं ते त्या दिवशी.

तीन, एखादा दोष बाजारातून परत परत येत असेल तर त्या मॉडेलचं डिस्पॅच थांबवायचा अधिकार. हा सहजासहजी देणार नाहीत. निदान एवढं मिळव की तू लेखी आक्षेप घेतलास तर प्लँट हेडच्या सहीशिवाय माल गेटबाहेर जाणार नाही. हा अधिकार मी नऊ वर्षांत तीनदा वापरला. तिन्ही वेळा प्रॉडक्शनवाले आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

वरिष्ठ म्हणतील, आधी काम करून दाखव, मग अधिकार मागशील. पुरुषांना असं क्वचित म्हणतात. आणि अधिकार नसताना काम करून दाखवणं म्हणजे गिऱ्हाइकाला नुसतं थोपवून धरणं. ते तू सहा वर्षं करत आलीच आहेस.

क्वालिटीत जा म्हणणाऱ्या मॅडमबद्दल. वाईट सल्ला नाही तो, पण पाच वाजता घरी ही समजूत काढून टाक. मी चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होते तेव्हा गाडीवाल्यांच्या लाइनवर आपला एक खराब पार्ट सापडला की घड्याळ सुरू व्हायचं. चोवीस तासांत एट-डीचा, म्हणजे दोष शोधून दूर करायच्या आठ टप्प्यांच्या पद्धतीचा, तिसरा टप्पा द्यायचा, म्हणजे खराब माल कुठे कुठे पोचलाय ते शोधून तो अडवल्याचा पुरावा. त्यांच्या गोडाउनात, आपल्या गोडाउनात, रस्त्यावरच्या ट्रकमध्ये. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन पेट्या उघडून मोजमाप केलं आहे मी. तिथे शिस्त मात्र अफाट शिकले. "ऑपरेटरची चूक" असं मूळ कारण लिहिलं की समोरचा माणूस कागद परत फेकायचा, आणि बरोबरच करायचा. ऑपरेटरला चूक करता आली कशी, ते लिहायचं असतं. ही सवय घेऊन मी पंपाकडे परत आले आणि इंजिनिअरांचे "बेअरिंग खराब, बदलून दिले" असे रिपोर्ट घेणं बंद केलं. का खराब झालं ते लिही, नाहीतर कॉल उघडाच राहील.

यावरून आठवलं. तुला दर महिन्याला आकडे मागतील. कंपन्या "कॉल क्लोज व्हायला किती वेळ लागला" हे मोजतात. हा आकडा फसवा आहे. इंजिनिअर साइटवर जातो, "पार्ट हवा" असं लिहून कॉल बंद करतो, पार्ट आल्यावर नवा कॉल उघडतो. कागदावर दोन्ही कॉल वेळेत, गिऱ्हाइकाचा पंप मात्र पंधरा दिवस बंद. तू मोज गिऱ्हाइकाच्या पहिल्या फोनपासून मशीन फिरेपर्यंतचे तास, आणि तीस दिवसांत तोच पंप पुन्हा पडला का. पहिल्या महिन्यात हे आकडे भयंकर दिसतील. मीटिंगमध्ये ते तसेच दाखव, आणि मागच्या सहा महिन्यांचे दोन्ही पद्धतींनी काढलेले आकडे शेजारी शेजारी ठेव, म्हणजे तू आल्यावर बिघडलं असं कोणी म्हणणार नाही.

आता फिरण्याबद्दल आणि घरच्यांबद्दल. तुझ्या आईची काळजी खोटी नाही, आणि "काही होत नाही हो" असं म्हणून ती उडवून लावू नकोस. मी नोकरीला लागले तेव्हा १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातलं सहासष्टावं कलम होतं, संध्याकाळी सातनंतर बायकांनी कारखान्यात काम करायचं नाही. संध्याकाळी ट्रायल चालू असताना वॉचमन मला गेटबाहेर काढायला यायचा आणि माझ्याबरोबरचे मुलगे थांबून शिकायचे. मला त्याचा फार राग यायचा. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ती तरतूद बदलली. वाहतूक, सुरक्षा वगैरे अटी पाळून रात्रपाळीला परवानगी दिली. तेव्हा कायद्याचं कारण आता कोणी पुढे करू नये. सोयीचं कारण मात्र करतील, म्हणून सोयी मागायच्या.

साइट व्हिजिट ठरली की गिऱ्हाइकाला जो मेल जातो, त्यात मी चार ओळी घालायला लावल्या होत्या. बाई इंजिनिअर येणार असेल तर स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह कुठे आहे ते कळवा. अंधार पडल्यावर काम चाललं तर तुमच्या बाजूचा एक जबाबदार माणूस साइटवर हवा. मुक्कामाचं हॉटेल आमची कंपनी ठरवेल. परतीची गाडी काम संपेपर्यंत गेटवर राहील. पहिल्यांदा आमचेच सेल्सवाले म्हणाले, गिऱ्हाईक काय म्हणेल? गिऱ्हाइकांनी मुकाट्याने माहिती पाठवली. दोन ठिकाणी आम्ही जाणार म्हणून स्वच्छतागृहाचं कुलूप उघडून पाणी चालू केलं गेलं, आणि तिथे रोजंदारीवर काम करणाऱ्या बायकांनाही ते मिळालं.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नीट वाचून ठेव. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि कंपनीने दिलेली गाडीसुद्धा त्यात कामाचं ठिकाण धरली आहे. कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. म्हणजे गिऱ्हाइकाचा माणूस वाईट वागला तर "तो आपला माणूस नाही" हे उत्तर चालत नाही. माझ्या टीममधल्या एका मुलीच्या बाबतीत असं झालं होतं. गिऱ्हाईक मोठं होतं. मी ती साइट दीड महिना बंद ठेवली, त्यांच्या वरिष्ठांशी बोलले, तो माणूस त्या कामावरून हलवला गेला, मग आमचा माणूस गेला. धंदा गेला नाही. गेला असता तरी मी तेच केलं असतं, आणि तू ज्या दिवशी ही खुर्ची घेशील त्या दिवशी तुलाही हे आधी ठरवून ठेवावं लागेल, कारण ऐन वेळी टार्गेट डोळ्यांपुढे नाचत असतं.

रात्रीचे फोन. तू एकटीने सगळे घ्यायचे नाहीत. पाळी लाव, आठवड्याला एक इंजिनिअर रात्रीच्या फोनला, त्याचे वेगळे पैसे. तुझ्यापर्यंत तोच फोन यावा जिथे गिऱ्हाइकाचा सगळा प्लँट थांबलाय. मी पहिली तीन वर्षं सगळे फोन स्वतः घेतले, आणि मोठी चूक केली. टीमला वाटायला लागलं की मॅडम बघतील, आणि घरी मुलगी म्हणायला लागली की आई फोनची आहे.

मुलीवरून सांगते. तिच्या वेळी बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची होती. २०१७ पासून ती सव्वीस झाली, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. मी परत आले तेव्हा माझी साइटची कामं दुसऱ्याला दिली होती आणि मला पुन्हा रजिस्टरवर बसवलं होतं. "तुझ्याच सोयीसाठी" म्हणाले. मला कोणी विचारलं नव्हतं. ती कंपनी चांगली होती, माणसंही चांगली होती, म्हणूनच बोलणं अवघड गेलं. मी भांडले नाही. एका कागदावर लिहून दिलं की मला कोणत्या साइट जमतील, महिन्यात किती मुक्काम जमतील, कोणत्या तारखेपासून जमतील. चार महिन्यांनी कामं परत आली. सासूबाई कराडहून येऊन राहिल्या म्हणून ते जमलं, हेही तितकंच खरं. त्यांच्याशिवाय मी हे उत्तर लिहायला या जागी नसते. तुझ्याकडे असं माणूस कोण आहे, ते आत्ताच बघून ठेव, आणि नवऱ्याला यात पाहुण्यासारखं वागवू नकोस.

पुढे काय, हा तुझा शेवटचा प्रश्न. आहे, भरपूर आहे, पण एका अटीवर. नवा पंप विकताना तीन-तीन कंपन्यांत किमतीची मारामारी होते. स्पेअर, वार्षिक देखभाल करार, जुन्या पंपाचं नूतनीकरण, इथे नफा बरा सुटतो आणि मंदीतही काम चालू राहतं. हा हिशोब ज्याच्या नावावर असतो तो संचालकांच्या टेबलापर्यंत पोचतो. तेव्हा "सर्व्हिस" तुझ्याकडे आणि "स्पेअर विक्री" सेल्सकडे अशी वाटणी असेल तर ती मोड. निदान दोन वर्षांत स्पेअर माझ्याकडे येईल असं लिहून घे. ते मिळालं की पहिलं काम, मुदत कमी कर. गिऱ्हाईक कोल्हापूरच्या फाउंड्रीत जुना इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चाक, देऊन तसाच ओतून घेतं, ते काही हौस म्हणून नाही. तिथे त्याला आठ-दहा दिवसांत मिळतो आणि आपण सहा आठवडे सांगतो. "ओरिजिनलच वापरा" अशी पत्रकं काढून काही होत नाही. चालणाऱ्या पंधरा-वीस मॉडेलचे इंपेलर तयार ठेव, लोक आपोआप परत येतात.

आणि बाई इथवर पोचू शकते का, याचं उत्तर आपल्या पुण्याने कधीच दिलंय. लीला पूनावाला १९६७ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, सीओईपीतून, मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या, पुढे दापोडीच्या अल्फा लावलच्या अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक झाल्या, १९८९ ला पद्मश्री मिळाली. १९७४ मध्ये टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलं होतं, त्यावर सुधा मूर्तींनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, ही गोष्ट आमच्या पिढीला घरोघरी सांगितली जायची. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात मुली गाड्यांची आख्खी असेंब्ली लाइन चालवतात. तेव्हा बाईला जमेल का, हा प्रश्न तुझ्या वाट्याला आला तरी त्यावर वेळ घालवू नकोस.

तुझ्या टीममधल्या चार वयस्कर इंजिनिअरांबद्दल तू भीतीने लिहिलं आहेस. त्यांना पहिल्या दिवशी मीटिंगला बोलावू नकोस. एकेकाला फोन कर आणि विचार, तुमच्या भागात कुठला पंप तुम्हाला झोपू देत नाही? प्रत्येकाकडे असा एक असतो, आणि वर्षानुवर्षं त्याबद्दल कोणी विचारलेलं नसतं. त्या चारांतला एक पंप निवड आणि त्या माणसाबरोबर जाऊन तो मार्गी लाव. लागणारा पार्ट तुझ्या अधिकारातून काढून दे. ते "दादा", "काका" म्हणवून घेणारे असतील तर तसं म्हण, पण रिपोर्ट अर्धवट असेल तर तो त्याच दादांना परत पाठव.

आत्ताचे दिवस लक्षात घे. साखर कारखाने बंद असताना, पावसाळ्यात, ओव्हरहॉलिंगची कामं निघतात. पंप उघडलेले असतात, कोणी घाईत नसतं, फिटर बोलायला मोकळे असतात. शिकायला याहून चांगला काळ नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की शिकवायला कोणाला सवड नसते. तेव्हा वरिष्ठांशी बोलताना तीन महिने याच काळात माग. अधिकारांचा कागद एका पानाचा कर, तोंडी बोलून झालं की त्याच संध्याकाळी मेल कर. आणि पाच नंबरचे सेफ्टी शूज आजच स्टोअरला सांगून ठेव. त्यांच्याकडे सातच्या खाली माप नसतं, मागवायला महिना जातो, आणि मोठ्या बुटात कागद कोंबून पंपहाउसच्या लोखंडी शिडीवर चढू नकोस.